काळ: विश्वाचे तत्त्व की माणसाचे मोजमाप? एका जुन्या वादाची चिकित्सा



तत्त्वज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत, विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकात आणि वसतिगृहात रात्री रंगणाऱ्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो: काळ खरोखर आहे, की ते माणसाने आपल्या सोयीसाठी केलेले मोजमाप आहे? उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. एक पक्ष म्हणतो, तास आणि मिनिटे माणसाने बनवली, म्हणून काळही माणसानेच बनवला. दुसरा पक्ष म्हणतो, माणूस नव्हता तेव्हाही तारे जन्मत होते आणि विझत होते, म्हणून काळ हे विश्वाचे तत्त्व आहे आणि तो सगळीकडे एकसारखा वाहतो.

या पाठात आपण दोन्ही उत्तरांची चिकित्सा करणार आहोत. ‘दोन्ही पक्षांत थोडे थोडे तथ्य आहे’ असे म्हणून उत्तरपत्रिका पूर्ण करता येते, पण कोणाचे कोणते म्हणणे टिकते आणि कोणते टिकत नाही हे सांगितल्याशिवाय चिकित्सा होत नाही. म्हणून पाठाचा निष्कर्ष आधीच सांगून ठेवतो. पहिला पक्ष एककांविषयी बरोबर आहे, पण एककांवरून तो काळावर जी उडी मारतो ती चुकीची आहे. दुसरा पक्ष घटनांमधील अवधीविषयी बरोबर आहे, पण त्यावरून ‘सगळीकडे एकच काळ’ येथवर तो जी उडी मारतो तीही चुकीची आहे. हे कसे, ते क्रमाने पाहू.

१. एका प्रश्नात तीन प्रश्न

‘काळ’ हा एकच शब्द आपण निदान तीन गोष्टींसाठी वापरतो. आधी पेरणी, मग कापणी, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला क्रम सांगायचा असतो. भाताचे पीक चार महिन्यांत येते असे म्हणतो तेव्हा अवधी सांगायचा असतो. आणि आत्ता कोलकात्यात काय चालले असेल असे विचारतो तेव्हा दूरच्या दोन ठिकाणी एकाच वेळी घडणाऱ्या घटनांविषयी, म्हणजे समकालिकतेविषयी, विचारत असतो.

क्रम, अवधी आणि समकालिकता या तिन्ही गोष्टी रोजच्या व्यवहारात इतक्या मिसळलेल्या असतात की एकीविषयी जे खरे ते दुसरीविषयीही खरे असेल असे आपण धरून चालतो. या वादातला बराचसा गोंधळ येथूनच सुरू होतो. शिवाय अनुभवाचा काळ वेगळाच असतो. निकालाची वाट पाहताना एक तास सरता सरत नाही आणि मित्रांबरोबर तोच तास कधी गेला ते कळत नाही. हा मनाचा विषय आहे. मात्र ‘तोच तास’ असे आपण म्हणू शकतो, यावरून अनुभव आणि अवधी या दोन गोष्टी आपण आधीच वेगळ्या मानतो हे लक्षात घ्या.

२. मोजमाप पक्षाची बाजू

प्रथम या पक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडू.

सूर्यसिद्धान्तात नाक्षत्र अहोरात्राचे साठ भाग केले आहेत. त्यातला प्रत्येक भाग म्हणजे नाडी किंवा घटिका, सुमारे २४ मिनिटांची. घटिकेचे पुन्हा साठ भाग केले की विनाडी, म्हणजे आपले पळ, मिळते. सहा प्राण मिळून एक विनाडी होते. म्हणजे एक प्राण सुमारे चार सेकंदांचा, एका सावकाश श्वासाएवढा. तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यात बुडाले की एक घटका झाली. मराठीत ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार येथूनच आला. पुढे आपण चोवीस तासांची पद्धत स्वीकारली. साठ घटका बरोबर की चोवीस तास बरोबर, असा वाद कोणी घालत नाही, कारण तो वाद निरर्थक आहे. किती भाग करायचे हे माणसाने ठरवायचे असते.

सेकंदाचेही तसेच. पूर्वी सेकंद म्हणजे सरासरी सौर दिवसाचा ८६,४०० वा भाग. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सिझियम-१३३ या अणूच्या एका ठरावीक प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवरून केली जाते. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. जुन्या सेकंदाशी मेळ राहावा म्हणून तो निवडला गेला.

या पक्षाचा खरा भक्कम युक्तिवाद मात्र एककांचा नाही. तो फ्रेंच गणिती आंरी प्वाँकारे याने १८९८ साली काळाच्या मोजमापावरील निबंधात मांडला. कापड मोजताना मीटरपट्टी उचलून दुसऱ्या कापडावर ठेवता येते. कालचा तास उचलून आजच्या तासाशेजारी ठेवता येत नाही. लंबकाचा आजचा झोका आणि कालचा झोका सारख्याच अवधीचे होते हे आपण पाहत नाही, तसे गृहीत धरतो. दोन अवधी समान आहेत हे थेट जाणण्याचे साधन आपल्याजवळ नाही. म्हणून निसर्गनियम शक्य तितके साधे व्हावेत अशा रीतीने आपण समानतेची व्याख्या निवडतो, असे प्वाँकारेचे म्हणणे. हा युक्तिवाद हलक्यावारी घेण्यासारखा नाही.

येथे एक सावधगिरी. इमॅन्युएल कांट यालाही अनेक विद्यार्थी याच पक्षात बसवतात. ते बरोबर नाही. १७८१ सालच्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथात कांट काळाला संवेदनशक्तीचे रूप म्हणतो. कोणताही अनुभव येण्यासाठी ते रूप आधीच लागते. मोजमापाची पद्धत आपण बदलू शकतो. कांटच्या मते काळाचे रूप मात्र आपल्याला बदलता येत नाही. म्हणून ‘कांटच्या मते काळ हा मानवी संकेत आहे’ असे उत्तरात लिहिले तर ते चूक ठरेल.

३. चुकणारे घड्याळ आणि प्रवाळांची साक्ष

आता या पक्षाची परीक्षा घेऊ. त्यासाठी एक साधी कसोटी पुरते: घड्याळ चुकू शकते का?

काळ म्हणजे केवळ घड्याळाचे वाचन असेल, तर घड्याळ चुकले या वाक्याला अर्थच उरत नाही. घड्याळ दाखवील तोच काळ. पण आपण घड्याळे दुरुस्त करतो. इतकेच काय, माणसाच्या सर्वांत जुन्या घड्याळालाही, म्हणजे पृथ्वीच्या परिवलनालाही, आपण चुकणारे ठरवले. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे हळूहळू मंदावते. दर शतकाला दिवस साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो. परिवलनाच्या या अनियमिततेमुळेच १९७२ पासून आण्विक घड्याळांच्या वेळेत अधूनमधून एक सेकंद मिळवावा लागला.

यावर प्वाँकारेचा अनुयायी म्हणेल, ‘तुम्ही एक घड्याळ दुसऱ्या घड्याळाने दुरुस्त केले, एवढेच. काळाने घड्याळ दुरुस्त केले नाही.’ आक्षेप योग्य आहे. पण पृथ्वीचे परिवलन अचूक धरून चालायचे ठरवले तर काय होईल ते पाहा. चंद्र, ग्रह, अणू आणि किरणोत्सारी मूलद्रव्यांचा क्षय हे सगळे एकाच प्रमाणात, एकदमच आणि कोणत्याही कारणाशिवाय वेगवान होत आहेत असे म्हणावे लागेल. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या इतक्या प्रक्रिया आपसांत जुळतात आणि एकटी पृथ्वी तेवढी वेगळी पडते. कोणती व्याख्या सोयीची हे आपण निवडतो, हे मान्य. पण एकच निवड सगळ्यांना एकदम सोयीची का ठरते, याचे उत्तर संकेतात सापडत नाही. ते निसर्गात शोधावे लागते.

याहून बोलका पुरावा समुद्रातून मिळतो. काही प्रवाळांच्या सांगाड्यावर रोज एक बारीक रेघ वाढते आणि वर्षागणिक एक ठळक पट्टा उमटतो. १९६३ साली जॉन वेल्स या जीवाश्मतज्ज्ञाने सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरील रेघा मोजल्या. एका वार्षिक पट्ट्यात सुमारे ४०० रेघा भरल्या. म्हणजे त्या काळी वर्षात सुमारे ४०० दिवस होते, आणि आपल्या तासांत सांगायचे तर दिवस सुमारे २२ तासांचा होता. पृथ्वी मंदावत आहे या खगोलशास्त्रीय गणिताशी हे जुळते.

या उदाहरणात ‘तास’ आपला आहे. तो काढून टाका. तरीही ‘एका वर्षात ४०० दिवस’ हे गुणोत्तर शिल्लक राहते. ते सांगण्यासाठी घटका, तास, सेकंद यांपैकी एकही एकक लागत नाही आणि ते घडले तेव्हा मोजणारा माणूस नव्हता. एकक माणसाचे असते, दोन अवधींमधील गुणोत्तर माणसाचे नसते. या पाठातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. मोजमाप पक्षाची चूक या एका वाक्यात पकडता येते: मोजण्याचे साधन मानवी आहे, यावरून मोजली जाणारी गोष्ट मानवी ठरत नाही. किलोग्रॅम माणसाने ठरवला, म्हणून हिमालयाचे वजन माणसाने ठरवले असे आपण म्हणत नाही.

४. न्यूटनचा जास्तीचा दावा

मग दुसरा पक्ष जिंकला का? त्याचा सर्वांत स्पष्ट प्रवक्ता आयझॅक न्यूटन. १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’त, व्याख्यांनंतर जोडलेल्या टिपणात त्याने दोन काळ सांगितले. एक निरपेक्ष, खरा, गणिती काळ. तो बाहेरच्या कशाशीही संबंध न ठेवता एकसारखा वाहतो. दुसरा सापेक्ष, व्यवहारातला काळ. तो आपण तास, दिवस, महिने यांनी मोजतो. पूर्णपणे एकसारखी गती निसर्गात कदाचित कुठेच नसेल, हेही न्यूटनने त्याच ठिकाणी कबूल केले. म्हणजे मोजमाप आणि वस्तू यांची गल्लत त्याने केली नाही. हे त्याचे श्रेय.

पण त्याच्या विधानात तीन वेगळे दावे एकत्र बांधलेले आहेत. पहिला, अवधी मोजमापावर अवलंबून नसतो. दुसरा, काळ घटनांवरही अवलंबून नसतो, म्हणजे काहीच घडले नाही तरी तो वाहतच राहील. तिसरा, तो सगळ्यांसाठी एकच आहे. पहिला दावा आपण तिसऱ्या विभागात मान्य केला. त्यामुळे उरलेले दोन आपोआप सिद्ध होत नाहीत.

दुसऱ्या दाव्यावर लायब्निझने हल्ला चढवला. १७१५-१६ मध्ये न्यूटनचा पाठीराखा सॅम्युएल क्लार्क याच्याशी त्याचा पत्रव्यवहार झाला. त्यात लायब्निझने विचारले, की देवाने विश्व एक वर्ष आधी का निर्माण केले नाही? सगळ्या घटना तशाच्या तशा एक वर्ष आधी सरकवल्या तर फरक कशात पडला असता? कशातच नाही. फरक पडत नसेल तर ते दोन पर्याय खरे दोन नव्हेतच. म्हणून लायब्निझच्या मते काळ म्हणजे घटनांच्या अनुक्रमाची व्यवस्था; घटना काढून घेतल्या की मागे वाहणारे काही उरत नाही. लायब्निझ काळाला खोटे म्हणत नाही. तो त्याला वस्तूंच्या संबंधांत बसवतो. काळ स्वतंत्र वस्तू नाही, एवढ्यावरून तो माणसाचा शोध ठरत नाही.

तिसऱ्या दाव्याचा निकाल मात्र युक्तिवादाने लागला नाही. तो घड्याळांनी लावला.

५. एकच ‘आत्ता’ का नाही

१९०५ साली आइन्स्टाइनने दाखवले, की एकमेकांच्या सापेक्ष गतीत असलेल्या दोन निरीक्षकांचे दूरच्या घटनांच्या समकालिकतेविषयी एकमत होत नाही आणि त्यांतल्या एकालाच बरोबर ठरवणारा पुरावा निसर्गात नाही. देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. रस्त्यात एक मनुष्य तिच्या दिशेने चालत असेल आणि दुसरा तिच्याकडे पाठ करून चालत असेल, तर ‘तिथे आत्ता काय घडते आहे’ याच्या त्या दोघांच्या उत्तरांत काही दिवसांचा फरक पडतो. विश्वभर पसरलेला एकच ‘आत्ता’ आपण गृहीत धरला होता, पण तो सापडत नाही.

अवधीही मार्गावर अवलंबून असतो. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सिझियम घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. जमिनीवरच्या घड्याळांशी तुलना केली तेव्हा पूर्वेकडे गेलेली घड्याळे सुमारे ५९ नॅनोसेकंदांनी मागे पडली होती आणि पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंदांनी पुढे गेली होती. सापेक्षतेच्या भाकिताशी हे मोजमापाच्या मर्यादेत जुळले. तुमच्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंदांनी पुढे जातात. कमी गुरुत्वामुळे ती सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे सुमारे ७ मागे पडतात. ही दुरुस्ती केली नाही तर स्थानातली चूक दिवसागणिक काही किलोमीटरांनी वाढेल.

येथे सर्वांत जास्त प्रचलित असलेला गैरसमज दूर करायला हवा. ‘आइन्स्टाइनने काळ सापेक्ष ठरवला, म्हणजे काळ माणसागणिक वेगळा, म्हणजे तो मनाचा खेळ’ असे वाक्य अनेक उत्तरपत्रिकांत सापडते. यातली पहिली पायरी बरोबर आहे, पुढच्या दोन्ही चूक आहेत. सापेक्ष म्हणजे गती आणि गुरुत्व यांच्या सापेक्ष, मनाच्या नव्हे. वातावरणाच्या वरच्या थरात जन्मणाऱ्या म्युऑन या कणांचे सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंदांचे असते. तेवढ्या अवधीत प्रकाशाच्या वेगानेही साधारण ६६० मीटरच जाता येईल. तरीही दहा-पंधरा किलोमीटर उंचीवरून निघालेले असंख्य म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात, कारण वेगामुळे त्यांचे घड्याळ आपल्या मानाने मंद चालते. म्युऑनला मन नाही आणि मनगटावर घड्याळही नाही.

म्हणजे सापेक्षतेने मोजमाप पक्षाला बळ दिलेले नाही. उलट, अवधी इतका वस्तुनिष्ठ आहे की विमानाने कोणता मार्ग घेतला याचीही नोंद तो ठेवतो, असे तिने दाखवले. तिने नाकारला तो न्यूटनचा तिसरा दावा.

६. भारतीय दर्शनांतला वाद

हाच वाद आपल्या दर्शनांत वेगळ्या शब्दांत झाला आहे. वैशेषिक दर्शन काळाला नऊ द्रव्यांपैकी एक मानते. ‘हा आधीचा, तो नंतरचा’, ‘हे एकाच वेळी घडले’, ‘हे उशिरा, ते लवकर’ या प्रतीती सर्वांना येतात. त्यांना काही कारण हवे; ते कारण म्हणजे काळ. तो एक आहे, नित्य आहे, विभू म्हणजे सर्वव्यापी आहे. मग क्षण, दिवस, महिना हे भेद कुठून आले? वैशेषिकांचे उत्तर असे, की हे भेद उपाधींमुळे, म्हणजे सूर्याच्या गतीसारख्या बाह्य गोष्टींमुळे, भासतात. वस्तू एक आणि विभागणी औपाधिक, हा विवेक महत्त्वाचा आहे. पण आपण पाहिलेला दोष येथेही आढळतो: प्रतीतीला कारण हवे, इथपर्यंत ठीक, ते कारण एकच आणि सर्वव्यापी द्रव्य असले पाहिजे, हे प्रतीतीवरून निघत नाही. पुढे नव्यन्यायातच रघुनाथ शिरोमणीने काळाला वेगळे द्रव्य मानण्याची गरज नाही असे म्हटले आणि क्षणाला मात्र स्वतंत्र पदार्थाचे स्थान दिले. परंपरेच्या आतूनच झालेली ही चिकित्सा आहे.

योगसूत्रांवरील व्यासभाष्य याहून धीट भूमिका घेते. तिसऱ्या पादात क्षण आणि क्षणांचा क्रम यांविषयीचे सूत्र आहे. त्यावर भाष्यकार म्हणतो, परमाणूला एक जागा सोडून लगतच्या जागी जायला जेवढा वेळ लागतो तो क्षण. दोन क्षण कधी एकत्र नसतात. म्हणून क्षणांचा ढीग अशी कोणतीही वस्तू नाही. मुहूर्त, अहोरात्र ही बुद्धीने केलेली बेरीज आहे. क्षण वास्तव आहे. ज्याला लोक काळ म्हणतात तो वस्तुशून्य, बुद्धीने घडवलेला आणि शब्दज्ञानातून उभा राहणारा आहे.

भाष्यकाराचे म्हणणे कुठे टिकते आणि कुठे नाही? ‘काळ खरा की बुद्धीने घडवलेला’ या प्रश्नाला त्याने एकशब्दी उत्तर दिले नाही, प्रश्नाचे तुकडे केले. हे आजही अनुकरण करण्यासारखे आहे. पण त्याची रेघ एका ठिकाणी चुकते असे वाटते. अहोरात्र ही बुद्धीची बेरीज असेल, तर प्रवाळाच्या अंगावर ती कोणी लिहिली? रेघांची मोजणी बुद्धीने केली, पण मोजण्याजोगे काही तरी तेथे आधीपासून होते.

आणखी एक इशारा. ब्रह्मलोकी गेलेल्या ककुद्मी राजाची कथा पुराणांत आहे. तो कन्या रेवतीसह परतला तेव्हा पृथ्वीवर युगे उलटली होती. ही कथा सापेक्षतेचा पुरावा म्हणून अनेकदा पुढे केली जाते. काळ सगळीकडे सारखा नसेल ही कल्पना त्या कथाकाराला सुचली, हे कौतुकाचे आहे. पण कल्पना सुचणे वेगळे आणि किती फरक पडेल हे सांगून तो मोजून दाखवणे वेगळे. व्यासभाष्याला किंवा पुराणाला आधुनिक भौतिकीचे प्रमाणपत्र देण्याची गरज नाही. त्यांचा युक्तिवाद युक्तिवाद म्हणून तपासणे हाच त्यांचा खरा आदर.

७. या भेदाचा व्यवहारात काय उपयोग?

हे सगळे पुस्तकी आहे असे वाटत असेल तर भारतीय प्रमाणवेळेचा इतिहास पाहा. आपला देश पूर्व-पश्चिम सुमारे २९ रेखांशांवर पसरला आहे. पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणून अरुणाचलच्या पूर्व टोकाला सूर्य गुजरातच्या पश्चिम टोकाच्या आधी जवळजवळ दोन तास उगवतो. १९०६ साली ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची वेळ देशाची प्रमाणवेळ म्हणून लागू झाली. मिर्झापूरजवळून जाणारा हा रेखांश निसर्गाने आखलेला नाही.

मुंबईची स्थानिक वेळ या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाने वाजला तर सूर्याच्या हिशेबाने कामगाराला ३९ मिनिटे आधी हजर व्हावे लागे. नव्या वेळेला मुंबईत विरोध झाला आणि जुनी ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. कोलकात्यानेही आपली वेगळी वेळ १९४८ पर्यंत सांभाळली. आसामच्या चहामळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेला ‘बागान टाइम’ पाळण्याची प्रथा आहे, कारण तेथे दिवस लवकर उजाडतो आणि लवकर मावळतो. २०१८ साली नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी देशासाठी दोन प्रमाणवेळांचा प्रस्तावही मांडला.

आता आपले दोन पक्ष या वादात उभे करा. प्रमाणवेळ हाच काळ असे मानणाऱ्याला आसामातल्या मुलीची तक्रार समजणारच नाही. तिची संध्याकाळ अंधारात जाते, पण घड्याळात तर पाचच वाजलेले असतात. उलट, काळ म्हणजे निव्वळ संकेत असे मानणाऱ्यालाही तिची बाजू घेता येणार नाही. सगळेच संकेत असतील तर एक संकेत दुसऱ्यापेक्षा अन्याय्य का? तिची तक्रार खरी ठरते ती यासाठी, की सूर्याचे उगवणे-मावळणे आणि तिच्या शरीराला लागणारी झोप शासकीय ठरावाने बदलत नाही. संकेत बदलता येतो आणि वास्तव बदलत नाही, हे दोन्ही एकदम मान्य केले तरच ‘ही वेळ कोणाच्या सोयीची?’ हा प्रश्न विचारता येतो.

एका वेळेच्या बाजूनेही कारणे आहेत, हे विसरू नका. रेल्वेचे वेळापत्रक, बँकांचे व्यवहार आणि देशभरची परीक्षा एकाच घड्याळावर चालणे सोपे जाते. निर्णय कोणताही होवो, तो माणसांनी घेतलेला निर्णय आहे आणि त्याची किंमत कोणीतरी सूर्यप्रकाशाच्या तासांत मोजत असते.

८. समारोप

आपण कुठे पोचलो ते थोडक्यात मांडू. एकके आणि प्रमाणवेळा मानवी आहेत. त्या बदलता येतात आणि बदलल्या गेल्या आहेत. घटनांमधील अवधी आणि त्यांची गुणोत्तरे मानवी नाहीत. माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षे ती प्रवाळांवर कोरली जात होती. कारण आणि कार्य यांचा क्रमही मानवी नाही. ठिणगी आधी आणि वणवा नंतर, याविषयी कोणत्याही गतीतले दोन निरीक्षक भांडत नाहीत. मात्र सगळ्या विश्वासाठी एकच ‘आत्ता’ आणि एकच प्रवाह ही आपली जुनी समजूत आहे, आणि ती टिकलेली नाही.

म्हणून पुढच्या वेळी हा प्रश्न समोर आला की उत्तर देण्याआधी उलट विचारा: काळ म्हणजे त्यातले नेमके काय? एकक, अवधी, क्रम की ‘आत्ता’? चारही प्रश्नांचे उत्तर एकच असेल असे धरून चालू नका.

विचारासाठी प्रश्न

१. ‘घड्याळ मंद चालते आहे’ या वाक्याचा अर्थ प्वाँकारेच्या मतानुसार कसा लावावा लागेल? तो तुम्हाला पुरेसा वाटतो का?

२. वैशेषिकांचा ‘विभू काळ’ आणि न्यूटनचा निरपेक्ष काळ यांत साम्य कोणते, भेद कोणता?

३. व्यासभाष्यातील ‘बुद्धीने केलेली बेरीज’ या मताच्या बचावासाठी प्रवाळांच्या उदाहरणाला काय उत्तर देता येईल?

४. तुमच्या गावी आज सूर्य डोक्यावर, म्हणजे याम्योत्तर वृत्तावर, येतो तेव्हा प्रमाणवेळ काय असते? उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली पाहून वेळ नोंदवा. नंतर ८२.५ अंशांशी आपल्या रेखांशाची तुलना करून फरकाचे कारण लिहा. वर्षभरात हा फरक थोडा कमी-जास्त का होतो, याचाही शोध घ्या.